कीड प्रत्येक वयात वेगळ्या वाटेने येते

बाळाचा पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात दिसतो आणि तेव्हापासूनच त्याला कीड लागू शकते. तरीही ‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं म्हणत घरोघरी पहिली पाच-सहा वर्षं दुर्लक्षात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे ५१ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. दुखणाऱ्या दाढेमुळे मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळेत त्याचं लक्ष लागत नाही. एवढ्या मोठ्या आजाराला किरकोळ समजणं आता थांबायला हवं.

दातांवरच्या चिकट थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात. त्या थराचा सामू साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कठीण आवरणातले क्षार विरघळू लागतात. खाणं थांबल्यावर लाळ हळूहळू आम्ल निवळवते आणि झीज भरून काढते. पण त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. त्या आधीच पुन्हा बिस्किट तोंडात गेलं तर दाताला सावरायला उसंतच मिळत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत १९४०च्या दशकात मतिमंद रुग्णांना, त्यांची संमती न घेता, मुद्दाम गोड खायला घातलं गेलं. तो प्रयोग लाजिरवाणाच होता. त्यात जेवणाबरोबर गोड खाणाऱ्यांपेक्षा मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात फार जास्त किडले.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत धोका असतो रात्रीच्या बाटलीत. झोपेत लाळ कमी सुटते आणि गोड दूध वरच्या पुढच्या दातांपाशी साचून राहतं. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसतात. ही किडीची पहिली खूण, आणि या टप्प्यावर ती थोपवता येते.

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचं अनेक पालकांच्या लक्षातही येत नाही. तिच्या खोल खाचांत अन्न अडकतं आणि आयुष्यभर पुरायची दाढ प्राथमिक शाळेतच पोखरली जाते. पुढे किशोरवयात घरच्यांची नजर हटते, शीतपेयाची बाटली तासभर घोट घोट पुरवली जाते आणि तारा बसवलेल्या दातांत ब्रश नीट पोहोचत नाही. गरोदरपणात उलट्यांमधलं आम्ल दातांची झीज करतं; शिवाय मळमळ टाळायला थोडं थोडं खाणं सुरू असतं.

साठीनंतर चित्र पुन्हा पालटतं. हिरड्या खाली सरकून दातांची मुळं उघडी पडतात. मुळांवर ते कठीण आवरण नसतं, त्यामुळे सौम्य आम्लही त्यांना पुरतं. रक्तदाब, नैराश्य किंवा ॲलर्जीवरच्या अनेक औषधांनी तोंड कोरडं पडतं, मधुमेह भर घालतो. अशा आजोबांना ‘वयच झालं’ म्हणून कवळीचा सल्ला देण्याआधी त्यांच्या गोळ्यांची यादी बघायला हवी.

वाटा इतक्या वेगळ्या असताना ‘दोनदा ब्रश करा’ हा एकच सल्ला पुरणार नाही. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट हवीच. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. पण ज्याची त्याची जबाबदारी म्हणून सरकारला हात झटकता येणार नाहीत. २०१३मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दातांचे आजार आहेतच. त्याच्या जोडीला, नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेला लसीच्या दिवशीच आशाताईंनी बाळाचा वरचा ओठ उचलून पांढरे डाग पाहावेत आणि आईला रात्रीच्या बाटलीविषयी सांगावं. यासाठी यंत्र लागत नाही, खुर्ची लागत नाही. लागतं थोडं प्रशिक्षण आणि लसीकरणाच्या कार्डावर दातांसाठी एक रकाना.