आऊटपासचा रविवार मॉलबाहेर

रविवारचा आऊटपास हा तसा छोटा विषय. महिन्यातून एखाद्या वेळी मिळणारे चार-पाच तास. त्यात केस कापायचे, साबण-टूथपेस्ट घ्यायची, काहीतरी चमचमीत खायचे आणि रोल कॉलच्या आत परत यायचे. पण सध्या आपल्या शाळेत या चार-पाच तासांवर बरीच चर्चा चालू आहे. सर्वांना शाळेच्या बसने एका मॉलवर सोडावे आणि त्याच बसने परत आणावे, असे काही पालकांना व शिक्षकांना वाटते. मला वाटते, निदान अकरावी-बारावीच्या कॅडेट्सना तिघातिघांच्या गटाने, साध्या सिटी बसने शहरात जाऊ द्यावे. त्याची कारणे या पानावर मांडतो.

मॉलला मी नावे ठेवणार नाही. तिथे स्वच्छता असते, गारवा असतो आणि मुले कुठे आहेत हे हाऊसमास्टरांना माहीत असते. पण बंगळुरूच्या मॉलमध्ये जी दुकाने, तीच पुण्याच्या, तीच नागपूरच्या. शाळा संपवून घरी गेलेल्या कॅडेटला आजोबांनी विचारले, "काय रे, बंगळुरू कसे आहे?" तर त्याने सरकत्या जिन्याचे वर्णन करायचे का? महाराष्ट्रातून येणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना शाळेत येण्याआधी या शहराबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे 1638 नंतर शहाजीराजांना इथली जहागीर मिळाली. सहा वर्षे राहून त्यात फारशी भर पडू नये, हे बरे नव्हे.

शहराची ओळख बसस्टॉपवर सुरू होते. पाटी कन्नडमध्ये, कंडक्टर घाईत. बसचा पुढचा भाग बायकांसाठी असतो आणि आपण मागे उभे राहायचे असते, हे कोणी सांगत नाही, बघून कळते. 'एल्लि' म्हणजे कुठे, 'एष्टु' म्हणजे किती, 'गोत्तिल्ल' म्हणजे माहीत नाही. एवढ्या तीन शब्दांवर अर्धे शहर फिरता येते. 'स्वल्प' तर आपल्याच ओळखीचा. स्वल्पविरामातला स्वल्प इथे रोजच्या बोलण्यात आहे. गर्दीत कोणी "स्वल्प अडजस्ट माडि" म्हणाले, की जरा सांभाळून घ्या, सरकून जागा द्या, असे समजायचे. हे वाक्य या शहरात दिवसभर कुठे ना कुठे कानावर पडते.

याचा आपल्या पुढच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. आपल्यापैकी जे अधिकारी होतील, त्यांना आपल्या जवानांची भाषा शिकावी लागेल, ही भारतीय सैन्याची जुनी परंपरा आहे. मद्रास सॅपर्सचे केंद्र याच शहरात आहे. कोल्हापूरचा किंवा अकोल्याचा मुलगा उद्या तिथे गेला, तर त्याच्या हाताखालचे जवान तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम बोलणारे असतील. परकी भाषा कानावर पडल्यावर न बुजता दोन शब्द बोलून बघण्याची सवय अकादमीत गेल्यावर लावण्यापेक्षा इथेच लागलेली बरी. त्यासाठी कन्नड बोलणाऱ्या माणसांत जावे लागते. मॉलमध्ये सगळे काम हिंदी-इंग्रजीत भागते.

आता भूगोल आणि इतिहास. मॅप रीडिंगच्या तासाला आपण उंचवटे, खोलगट भाग, पाण्याच्या वाटा ओळखायला शिकतो. हे शहर त्या अभ्यासाला फार चांगले आहे. इथे मोठी नदी नाही. पिण्याचे पाणी सुमारे 100 किलोमीटरवरून, कावेरीतून पंपांनी वर चढवून आणावे लागते. पूर्वी सगळी भिस्त तलावांवर होती. ते तलाव कुठे गेले? मॅजेस्टिकचे बसस्थानक धर्मांबुधी तलावाच्या जागेवर आहे आणि कंठीरव स्टेडियम संपंगी तलावाच्या. हे कळल्यावर मॅजेस्टिकला उतरून चारही बाजूंना नजर टाकली, की चढ-उताराचा अर्थ लागू लागतो.

तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर जुनी पेठ आहे. केंपेगौडांनी 1537 मध्ये वसवलेले शहर ते हेच. आपण पेठ म्हणतो, इथे पेटे म्हणतात. चिक्कपेटे म्हणजे धाकटी पेठ, दोड्डपेटे म्हणजे थोरली. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. बळे म्हणजे बांगड्या, म्हणून बळेपेटे. पुण्यात वारांच्या नावाच्या पेठा पाहिलेल्या मुलाला इथे व्यवसायांच्या नावाच्या पेठा दिसतात. थोरल्या पेठेच्या रस्त्याला आज ॲव्हेन्यू रोड म्हणतात. तिथे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत. एन.डी.ए.च्या तयारीची पुस्तके तिथे शोधावीत आणि थोडी घासाघीस करावी. तोही एक अभ्यासच.

आपल्या शाळेतल्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावी अशी जागा मात्र शहराच्या दक्षिणेला आहे, बेगूरला. तिथल्या नागेश्वराच्या देवळात इ. स. 890 च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. बंगळुरूच्या लढाईत पडलेल्या एका वीराची ती नोंद. या शहराच्या नावाचा तो सर्वांत जुना उल्लेख मानला जातो. म्हणजे हे नाव आपल्याला पहिल्यांदा भेटते, ते रणात पडलेल्या माणसाच्या आठवणीत. आपल्याकडे कित्येक गावांत देवळाबाहेर वीरगळ उभे असतात आणि मुले त्यांना टेकून क्रिकेटचे स्टंप ठोकतात. वीरगळ हा शब्दही कन्नड 'वीरगल्लु'वरून आला आहे. कल्लु म्हणजे दगड. आपल्या गावचा दगड आणि बेगूरचा दगड एकाच परंपरेतले आहेत. सैनिकी शाळेतल्या मुलाला हे पुस्तकात वाचून कळण्यापेक्षा देवळाच्या आवारात उभे राहून कळावे, असे मला मनापासून वाटते.

विरंगुळाही हवाच. त्यासाठी लालबाग आहे, कब्बन पार्क आहे, एच.ए.एल.च्या संग्रहालयातली विमाने आहेत. भूक लागली, की दर्शिनीत जावे. तिथे बसायला खुर्ची नसते. उभ्याने इडली खायची आणि 'बाय-टू' कॉफी मागायची, म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत. मागताना कोणाला लाज वाटत नाही. त्याच उंच टेबलाशी रिक्षावाले असतात आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेले इंजिनिअरही. आपल्या पॉकेटमनीत बसणारे हे खाणे मॉलमधल्या बर्गरपेक्षा स्वस्त आहे आणि मेसच्या इडलीपेक्षा... असो.

पालकांची काळजी मी समजू शकतो. मूल दूर, शहर मोठे, वाहतूक भयंकर. काही झाले तर शाळेला जाब द्यावा लागणार, ही शिक्षकांची अडचणही खरी आहे. पण आमच्यातले बरेच जण वर्ष-दीड वर्षात प्रबोधिनीच्या परीक्षेला आणि मुलाखतीला बसणार आहेत. तिथे आमच्याकडून पुढाकार आणि जबाबदारी यांची अपेक्षा असेल. या दोन गोष्टी बसमध्ये मोजून भरलेल्या आणि मोजून उतरवलेल्या मुलात येणार कुठून?

म्हणून माझी सूचना अशी. गट तिघांचा असावा आणि त्यात शक्यतो एक कन्नड येणारा असावा. शनिवारी रात्रीपर्यंत हाऊसमास्टरांकडे लेखी बेत द्यावा: कुठे जाणार, कोणती बस, परत कधी. गटाला शाळेचा एक साधा फोन मिळावा. ठरलेल्या वेळी एकदा फोन करावा आणि अडचण आली तर शाळेला व 112 ला. कोणाच्या दुचाकीवर बसायचे नाही, तलावात उतरायचे नाही. उशीर झाला, तर तिघांचाही पुढचा आऊटपास रद्द. परतल्यावर एक पान लिहायचे, कोणत्याही भाषेत. नियम मुलामुलींना सारखेच. हे सगळे एका सत्रापुरते करून पाहावे आणि मग ठरवावे. लहान वर्गांसाठी शाळेची बसच योग्य. फक्त ती दर वेळी मॉलवर न थांबता एकदा लालबागेला, एकदा विश्वेश्वरय्या संग्रहालयाला थांबावी.

निर्णय अर्थातच प्राचार्यांचा आहे आणि जो होईल तो आम्ही पाळू. पालकांना एकच विनंती. रविवारी संध्याकाळी फोनवर तुम्ही "जेवलास का?" असे विचारता. त्याच्यापुढे "आज कोणत्या बसने गेलास, काय पाहिलेस?" हेही विचारत जा. उत्तर ऐकून मग मत बनवा.