एदेन बाग नकाशावर शोधावी काय?

सिमहाथ तोरा झाला, पहिला पाराशा वाचला, की वर्गातली मुले विचारतात, "एदेन बाग नेमकी कुठे होती?" पुष्कळ वडीलधारी "इराकात" म्हणून मोकळे होतात. मग एखादा मुलगा फोनवर इराक काढतो, बाग दिसत नाही, आणि सगळी गोष्टच खोटी ठरवतो. यात दोष मुलाचा नाही, उत्तरच घाईचे.

बेरेशीतच्या दुसऱ्या अध्यायात एक नदी एदेनातून निघते व तिचे चार फाटे होतात. हिद्देकेल म्हणजे टायग्रिस, फरात म्हणजे युफ्रेटिस. दोन्ही आजही वाहतात. पण त्या निघतात तुर्कस्तानच्या डोंगरांत आणि मिळतात इराकात, कुर्नापाशी. म्हणजे नकाशावर दोन नद्यांची एक होते; तोरा सांगते एकीच्या चार. (कुर्नाला आदामाचे झाड मात्र दाखवतात!) उरल्या पीशोन आणि गीहोन. राशी पीशोनला नाईल म्हणतात. योसेफस गीहोनला नाईल म्हणतो आणि पीशोनला गंगा. हे ऐकून हिंदुस्थानातून आलेल्या आजोबांची छाती फुगते. फुगू द्यावी, पण योसेफसने ते लिहिले रोममध्ये बसून. शिवाय बेने इस्राएलांचे पूर्वज उतरले ते कोकणात, नवगावच्या किनाऱ्याला. तिथून गंगा कुठच्या कुठे!

या सर्वांत रेश लाकीशचे बोलणे सरस. तल्मूदच्या एरुवीन भागात तो म्हणतो: बाग इस्राएल देशात असेल, तर तिचे दार बेथ शआन, अरबस्तानात असेल, तर बेथ गेरेम, दोन नद्यांच्या मध्ये असेल, तर तिसरेच गाव. तीनदा "असेल, तर". एवढा मोठा हखाम, पण "आहे" म्हणत नाही. बेथ शआन मुले सहलीत पाहतातच: समुद्रसपाटीच्याही खाली, उन्हाळ्यात भट्टी, पण झऱ्यांचे पाणी आणि खजुराची झाडे. राशींच्या मते तिथली फळे गोड, म्हणून त्या गावाला हा मान.

तेव्हा वर्गात नकाशा जरूर उघडावा. दोन नद्यांवर बोट ठेवावे, दोन मोकळ्या सोडाव्यात. मग ते वचन सावकाश वाचावे, जे नद्यांच्या नादात राहून जाते: आदामाला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करायला. कोकणात नारळाची वाडी राखलेल्या आजीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मुलांनी तिला विचारावे, पाटाला पाणी कुठून यायचे, आणि ते कोण सोडायचे.