कळा आणि कवायत

आपल्या मराठीला शब्दांची ददात नाही. ‘शिवायची नाही’, ‘बाहेरची झाली’, ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’. बायकांच्या त्या चार दिवसांसाठी आपल्या आज्यापणज्यांनी किती शब्द घडविले! हल्लीच्या कॉलेजकन्यका ‘पिरियड्स’ म्हणतात आणि मोकळ्या होतात. मराठी शिकविणाऱ्या बाईला हे जुने शब्द न्याहाळताना एक गोष्ट मात्र खटकते. कोणी कोणाला शिवायचे नाही, बाईने कोठे बसायचे, एवढेच ते सांगतात. जिच्या ओटीपोटात कळा येत आहेत, जिची कंबर भरून आली आहे, तिच्या दुखण्याबद्दल त्यांत अक्षर नाही. वैद्यकाने मात्र ते टिपले आहे. चरकसंहितेत ‘उदावर्तिनी’ नावाची व्याधी सांगितली आहे: रज बाहेर पडताना वेदना होतात आणि ते पडून गेले की स्त्रीला बरे वाटते.

म्हणजे दुखणे जुने. ‘लग्न झालं, एक मूल झालं की थांबतं हो!’ हा त्यावरचा उपायही जुनाच. पण सतरा वर्षांच्या मुलीला हा उपाय सांगून काय उपयोग? तिची परीक्षा येत्या सोमवारी आहे.

खरा प्रकार असा आहे. दर महिन्याला गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते, तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये निघतात. ती गर्भाशयाच्या स्नायूंना आवळावयास लावतात. आवळलेल्या स्नायूंना रक्त कमी पोचते आणि कळ उठते. ही द्रव्ये जास्त झाली की मळमळते, पोट बिघडते, डोके दुखते. पाळी सुरू झाल्यावर पहिले काही महिने बीज तयार होत नाही, त्यामुळे ते बहुधा फारसे न दुखता जातात. मग एकदम दुखू लागते आणि ‘आतापर्यंत बरी होतीस की गं!’ म्हणून आई चक्रावते. या द्रव्यांवरील संशोधनाला १९८२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही घरोघरी त्याला ‘नखरे’ म्हणणारी माणसे आहेतच!

आता व्यायामाविषयी. कॉक्रेन ही संस्था जगभरातले वैद्यकीय प्रयोग एकत्र करून तपासते. २०१९ साली तिने याही विषयाची तपासणी केली. आठवड्यातून तीनदा, दर वेळी पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे, काहीच न करणाऱ्यांच्या मानाने, शंभरांच्या मापावर सुमारे पंचवीसने कमी भरले. योगासनांसारखा संथ व्यायाम असो की दमविणारा असो, गुण दोन्हींनी आला. प्रयोग लहान होते, पुरावा फार बळकट नाही, हेही तपासणाऱ्यांनी स्वच्छ लिहिले आहे. पण या औषधाला पैसे पडत नाहीत, आणि चार इतर फायदे पदरात पडतात ते निराळेच. मात्र व्यायाम महिनाभर नेमाने हवा. दुखू लागल्यावर धावायला सुटणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. दोन-तीन पाळ्या तरी वाट पाहावी.

भरभर चालणे, दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, यांतले जे आवडेल ते करावे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार सुरू केले, ते मुलांबरोबर मुलींसाठीही. पुण्याच्या गीता अय्यंगार यांनी स्त्रियांच्या योगासनांवर आयुष्यभर काम केले. पाळीच्या दिवसांत त्या सुप्त बद्धकोणासनासारखी विसाव्याची आसने सांगत आणि शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावयास लावीत. आणि फुगडी, झिम्मा, पिंगा? मंगळागौरीच्या रात्री घामाघूम होणाऱ्या त्या पोरी कसरतच करीत होत्या की! आता हे खेळ पैसे देऊन बोलाविलेला चमू खेळतो आणि नवी नवरी खुर्चीत बसून मोबाइलवर फोटो घेते. असो.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात सकाळी गोगाबाबाच्या टेकडीवर किंवा गारखेड्याच्या क्रीडा संकुलात जाऊन पाहावे. निवृत्त आजोबा भेटतील, मधुमेहाला भ्यालेले काका भेटतील, पन्नाशीच्या मावश्याही भेटतील. अठरा वर्षांची मुलगी क्वचित. ती त्या वेळी शिकवणीला गेलेली असते. बाराव्या-तेराव्या वर्षी ‘आता मोठी झालीस’ म्हणून तिचा खो-खो आपणच बंद केलेला असतो. नेमका तेव्हा, जेव्हा तिला त्याची गरज सुरू होते.

‘आमच्या वेळी घरकाम हाच व्यायाम होता,’ असे कोणी म्हणेल. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बाईला हे सांगून पाहा. पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या, डोक्यावरून मोळ्या वाहणाऱ्या त्या बाईला कसरत नको, विसावा हवा. पण एक दिवस घरी राहिले की ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. त्या जिल्ह्यात तीन वर्षांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. पाळीची कटकट कायमची मिटेल, या आशेने त्यांतल्या कितीतरी जणी टेबलावर चढल्या.

आता आयांसाठी थोडे. पोट शेकणे चांगलेच. दुखणे थांबविणारी गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी, आणि कळा असह्य होईपर्यंत न थांबता सुरुवातीलाच घ्यावी; तिने पुढे मूल होत नाही, ही भीती खोटी आहे. परंतु दुखणे महिन्यागणिक वाढत असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, रक्तस्राव फार होत असेल किंवा मुलगी दर महिन्याला अंथरूण धरीत असेल, तर व्यायामावर भिस्त ठेवू नये. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढणे, असा आजारही मुळाशी असू शकतो, आणि ‘लग्न झालं की थांबतं’ म्हणण्यात त्याची वर्षे वाया जातात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि कोणत्या दिवशी किती दुखले, हे वहीत लिहून न्यावे. आणि उत्तरे मुलीला देऊ द्यावीत.