चोरी, कबुली आणि परतफेड

'पुस्तक विकत कशाला घेतोस? पीडीएफ पाठवतो की!' हे वाक्य आपल्या कँटीनमध्ये इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटत नाही. कादंबऱ्या, चित्रपट, गाणी, सारेच फुकट! मालकाच्या घरातून तर काही गेले नाही. मग ही चोरी कशी?

या प्रश्नाचा विचार करताना मला कॅथलिक पंथाची नीतिशिकवण उद्बोधक वाटली. 'चोरी करू नको' ही त्यांच्या क्रमाने दहा आज्ञांपैकी सातवी. १९९२ सालच्या त्यांच्या धर्मशिक्षण-ग्रंथानुसार मालकाच्या वाजवी इच्छेविरुद्ध त्याचे धन घेणे म्हणजे चोरी. लेखकाने श्रमाचा मोबदला मागणे ही इच्छा अवाजवी कशी म्हणावी?

अर्थात, 'वाजवी' या शब्दात गरिबाची बाजूही आहे. निकडीच्या गरजेपोटी दुसऱ्याचे घेणे ही चोरी नव्हे, असे संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच मांडले. श्रीमंत देश बौद्धिक संपदेचे हक्क, विशेषतः आरोग्याच्या क्षेत्रात, फार ताठरपणे राबवतात, अशी टीका पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २००९ साली केली. आपल्याकडेही दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली अध्यापनासाठी पुस्तकांतील उताऱ्यांच्या झेरॉक्स काढण्यास कायद्यात मुभा असल्याचा निर्णय दिला. विद्यार्थ्याची गरज अशी मान्य झालेली आहे. पण कालच लागलेला सिनेमा ही कोणाची निकडीची गरज?

मला सर्वांत मोलाची वाटते ती पापनिवेदनामागची अट. धर्मगुरूपुढे पाप सांगितले, प्रार्थना म्हटल्या, की पाटी कोरी, असा बाहेरच्यांचा समज असतो. तो खरा नाही. पश्चात्ताप हवा, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा आणि चोरी केली असेल तर झालेली हानी शक्य तितकी भरून काढायला हवी. परत करणे शक्य असूनही जो करीत नाही त्याचा पश्चात्ताप हे सोंग होय, असे संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकातच बजावले होते. धर्मगुरू कबुलीचे गुपित कोणालाही सांगू शकत नाही. त्यामुळे देणे फेडण्याची जबाबदारी ज्याची त्यालाच पार पाडावी लागते.

मग फाइल पुसून टाकली की परतफेड झाली का? माझ्या मते नाही. वाचलेली कादंबरी मनातून पुसता येत नाही. तिची परतफेड एकच : ती विकत घेणे. आज ऐपत नसेल तर ग्रंथालयातून आणून वाचावी आणि पहिल्या पगारातून घ्यावी. मराठी पुस्तकांची आवृत्ती मुळातच लहान; तिथे शंभर वाचकांनी फुकट वाचले तर पुढचे पुस्तक निघणेच अवघड होते.

मित्रांनो, हे पटण्यासाठी कॅथलिक असण्याची गरज नाही. 'चुकलो' म्हणणे सोपे असते. ज्याचे घेतले त्याचे देणे चुकते करणे कठीण. आपल्या आवडत्या लेखकांचे किती देणे आपल्याकडे थकले आहे, याचा हिशेब प्रत्येकाने एकदा करावा, एवढीच माझी विनंती.