मास्तर कोणी व्हायचं?

दोस्तांनो, मला मास्तर व्हायचंय. इतिहासाचा, नागरिकशास्त्राचा. गोदीत हे बोललो तर टोळीतली पोरं हसतात आणि मुकादम म्हणतो, "अरे वाढवणला बंदर होतंय, सरकार १२ लाख रोजगार बोलतंय, आणि तू खडू काय घेऊन बसलास?" पेपरात आकडा आला की मुकादमाला तो स्वतःचा पगार वाटतो. ७६,२२० कोटींचं बंदर, ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरात पायाभरणी. पण कंटेनर आला तेव्हा मुंबईच्या गोदीतल्या टोळ्यांचं काय झालं ते आमच्या बापांना विचारा. १९९४ ला डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं आणि आमची पिढी कंत्राटदाराच्या दारात उभी राहिली. क्रेनला पोट नसतं, ती हजेरी मागत नाही.

म्हणून बंदराचं कौतुक मला सांगू नका.

१८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं. प्राथमिक शाळांतले मास्तर जवळजवळ सगळे ब्राह्मण आहेत, ते खालच्या पोरांत मिसळत नाहीत, मास्तर शेतकऱ्यांतूनच घ्या, वेळेला नांगर धरायची नि वाकस चालवायची लाज नसलेला घ्या, आणि त्याला पगार धड द्या, निदान १२ रुपये. १४० वर्षं उलटून गेली. नांगराच्या जागी हमालाचा आकडा म्हणा. मागणी तीच आहे. उत्तर फक्त बदललं. तेव्हा जात आडवी यायची, आता नियम आडवा येतो. आणि नियमाच्या मागं कोण उभंय ते आम्हाला दिसतं.

नियम बघा. मी मॅट्रिक. बारावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. पुढं बी. ए. साठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, १९८९ चं. हे सगळं कामावर राहून जमतं. डहाणू लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर एका फेरीत एक धडा होतो, उभ्यानं अर्धा. इथपर्यंत रस्ता आमच्यासारख्यांचा आहे, आणि ज्यांनी तो केला त्यांना मी मानतो.

पुढं बी.एड. आणि इथं फाटक. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. वर्गात ८० टक्के हजेरी, शाळेतल्या सरावाला ९० टक्के, तो सराव २० आठवड्यांचा. कोणी शहाणा म्हणेल, मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आहे की. आहे ना. पण ते आधीच मास्तर असलेल्यांसाठी. म्हणजे मास्तर व्हायला आधी मास्तर असलं पाहिजे! साली काय अक्कल आहे.

सरावाला माझा विरोध नाही. चाळीस पोरांपुढं उभं राहणं पोतं उचलण्याइतकंच शिकून येतं, उगाच फुशारकी नको. विरोध ह्याला, की ती दोन वर्षं माझ्या घरात चूल कशावर पेटणार, हे कुठल्याच कलमात नाही. शिष्यवृत्तीनं फी भागते, आणि ती येते तेव्हा येते. रोज तिच्यात नाही. डॉक्टर होणाऱ्याला दवाखान्यातल्या सरावाचं विद्यावेतन मिळतं. मास्तर होणारा २० आठवडे शाळेत राबतो, त्याला काय मिळतं? सही आणि शिक्का. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं ते सकाळचं, नोकरी करणाऱ्या पोरांना बसता यावं म्हणून. मग आज बोईसरला, जिथं पाळी सुटल्यावर हजारो तरुण गेटाबाहेर पडतात, तिथं संध्याकाळचं बी.एड. का नाही? कोणाचं काय जातंय?

आता एक नवी भाषा आलीय. २०२१ पासून क्रेडिटची बँक. एका विद्यापीठात शिकलेलं दुसरीकडं ट्रान्सफर करा, मधेच सोडलं तर एका वर्षाचं सर्टिफिकेट, दोन वर्षांचा डिप्लोमा घ्या, पुन्हा या. ट्रान्सफर मला पाहिजे, ते मी वापरणार. पण मधेच सोडायचं दार कोणासाठी ठेवलंय? कलेक्टरचा पोरगा एका वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन घरी बसणार नाही. बसणार आपण. आधी त्याला गळती म्हणायचे आणि मास्तरला लाज वाटायची. आता गळतीलाच कागद मिळतो, म्हणजे लाजही गेली.

आणि एवढं करून पुढं काय? २ मे २०१२ ला सरकारनं शिक्षकभरती बंद केली. अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ ला, त्यानंतर थेट २०२३ ला. मधली पाच वर्षं पोरं वयानं वाढली, बस्स. टीईटीत पैसे देऊन पास झालेले पकडले गेले, ऑगस्ट २०२२ ला सात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले. ज्यांच्याकडं द्यायला पैसे नव्हते ते नापासच राहिले होते, त्यांची मोजदाद कोणी केली नाही. त्यातून नोकरी लागलीच तर तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला १८,००० रुपयांवर.

हे वाचून आपल्यातलेच काही म्हणतात, मग सोड की, चळवळ कर. नोकरी लागली की तू पांढरपेशा होणार. दोस्तांनो, पोस्टर रात्री लावतो आपण, सकाळी पाऊस येतो. वर्गात मास्तर वर्षभर बोलतो आणि कोणी त्याला हटकत नाही. आमचे इतिहासाचे सर १८५७ चा धडा हातवारे करून सांगायचे. महाडचं तळं आलं की म्हणायचे, "हे घरी वाचून घ्या." घरी वाचायला दिवा नव्हता. एका वाक्यात त्यांनी १९२७ पुसून टाकलं. ह्याला चळवळ म्हणत नाहीत काय? त्यांची म्हणतात.

बोईसरच्या वर्गात कोण बसतं बघा. वारल्यांची पोरं, आपली पोरं, उत्तर प्रदेश-बिहारहून कारखान्यात आलेल्यांची पोरं. त्यांना मला सांगायचंय, की ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला वारल्यांवर गोळ्या झाडल्या, कारण त्यांनी वेठ नाकारली होती. लग्नाला कर्ज घेतलं म्हणून नवराबायको दोघंही सावकाराचे लग्नगडी होत, हे ह्याच डोंगरात घडलं. १४ ऑगस्ट १९४२ ला पालघरात पाच जण पडले, चौकातून रोज जातो आपण, नावं किती जणांना येतात? भूगोलात तारापूर म्हणजे एक ठिपका, १९६९ ला वीज सुरू. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठवलं, ते त्या ठिपक्यात कुठं मावतं? आणि नागरिकशास्त्रात किमान वेतन शिकवताना मी पोरांना विचारणार, तुमच्या बापाला किती मिळतं, स्लिप आणा.

म्हणून मागणी साधी आहे. पालघर-बोईसरला संध्याकाळचं बी.एड. सरावाच्या २० आठवड्यांना किमान वेतनाएवढं विद्यावेतन. चाचणी दरवर्षी, ठरल्या महिन्यात. निवेदन लिहायला घेतलंय, भाषा माझी आहे, कायद्याचं बोलणं कोणी वकील पोरगा-पोरगी असेल तर त्यांनी नीट करावं. ज्याला १७ नंबरचा फॉर्म भरायचाय त्यानं शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीची मार्कशीट काढून ठेवा. जुनी पुस्तकं माझ्याकडं दोन संच आहेत, रविवारी माझी सुट्टी असते.