मातीच्या गप्पा आणि डोंगरगावचा डायनोसॉर

विदर्भातल्या साहित्यिक चर्चासत्रांत 'माती' या शब्दाइतका दुसरा शब्द क्वचितच उच्चारला जात असेल. मातीशी नाळ, मातीचा गंध, मातीतली भाषा. मात्र ही माती मुळात कशाची झाली, असे तिथे कुणी विचारले, तर त्याची रवानगी भूगोलाच्या तासाला होईल. आणि डायनोसॉरचे नाव काढलेच, तर 'हॉलिवूडचे खूळ, पोरांचा विषय' असे म्हणून मंडळी हसतील.

या हसण्याला माझा आक्षेप आहे.

खूळ बाहेरून आले, हे मान्यच. १९९३च्या 'ज्युरासिक पार्क'ने आपल्या मुलांच्या वह्यांवर टिरॅनोसॉरस आणून बसवला. तो उत्तर अमेरिकेचा. या भूमीवर त्याचे पाऊल कधी पडले नाही. पण नागपूरहून चंद्रपूरकडे जाताना वरोरा तालुका लागतो, आणि त्यात डोंगरगाव. तिथे सापडलेल्या सांगाड्याचे वर्णन जैन आणि बंद्योपाध्याय यांनी १९९७ साली प्रसिद्ध केले. २००३ साली त्या प्राण्याला 'इसीसॉरस कोल्बर्टी' हे नाव मिळाले. पहिला शब्द कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून, दुसरा एका अमेरिकन संशोधकावरून. नावात डोंगरगाव नाही. शास्त्राने ते घातले नाही, हे एक वेळ समजू शकते. आपल्या एकाही 'मातीतल्या' लेखकाला त्याची खंत वाटू नये, हे समजत नाही.

या सांगाड्याला कवटी नाही, मागचे पाय नाहीत. म्हणजे इसीसॉरसचे चित्र काढणाऱ्याला नातलग प्राण्यांच्या हाडांशी ताडून उरलेला देह अनुमानाने पुरा करावा लागतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटण्याचे कारण काय? वि. भि. कोलत्यांनी 'लीळाचरित्रा'चे संपादन केले, तेव्हा पोथ्या ताडून ग्राह्य पाठ ठरवणे हेच तर करावे लागले. त्याला आपण विद्वत्ता म्हणतो. हाडांच्या बाबतीत मात्र 'पोरांची चित्रे'!

आणि ही चित्रे चुकतात तेव्हाही शिकवून जातात. डायनोसॉरच्या पायांखाली गवत दाखवायचे नाही, नेचे आणि सूचिपर्णी झाडेच दाखवायची, असा चित्रकारांचा दंडक होता; कारण गवत त्यांच्या नंतरचे, अशी समजूत होती. २००५ साली ती मोडली. कशाने? डोंगरगावजवळच्याच पिसदुरा येथे मिळालेल्या अश्मीभूत शेणाने. त्यात गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडले, त्यांतले काही भाताच्या आणि बांबूच्या कुळांशी नाते सांगणारे. जगभरच्या चित्रांची पार्श्वभूमी वरोरा तालुक्यातल्या शेणाने बदलली, आणि आपण त्याच तालुक्यावरून गाडीने जाताना ग्रामीण वास्तवावर बोलत राहिलो.

ज्या काळ्या मातीवर आपण कापसाची आणि कर्जाची कथा लिहितो, ती दख्खनच्या लाव्ह्याची झीज आहे. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, आणि इसीसॉरसची हाडे त्याच उलथापालथीच्या आसपासच्या थरांतली. म्हणजे तो प्राणी आपल्या प्रादेशिक साहित्याच्या बाहेरचा नाही. त्याच्या तळाशीच आहे.

नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात डायनोसॉरच्या प्रतिकृतींपुढे थबकलेले मूल म्हणूनच मला चर्चासत्रातल्या वक्त्याहून मातीच्या अधिक जवळचे वाटते. निदान ते विचारते तरी, 'हा इथे राहायचा का?' या प्रश्नाचे उत्तर मराठीत लिहिणे आणि काढणे हे आपले काम आहे. ते होत नाही तोवर मातीचा गंध जरा बेताने घ्यावा.