शिदोरी असावी, ओझे नसावे

आपल्या पेडण्याच्या बाजूने कोणी मुंबईस निघाला, की घरोघरची माणसे त्याच्या हाती काही ना काही देतातच. परंतु शहाणी गृहिणी नारळ देते तो सोलून देते. सोडण काढल्याने आतले खोबरे तसूभरही कमी होत नाही, आणि वाहणाऱ्याचा खांदा मात्र वाचतो. भिरंडांचेही तसेच. ओली भिरंडे कोणी पाठवीत नाही. वाळवून त्यांची सोले केली, की पाणी जाते आणि आंबटपणा राहतो. हे घरगुती शहाणपण आज एका अगदी नव्या कामी आणावे, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ते काम म्हणजे संगणकावर रचलेला खेळ दुसऱ्याच्या घरी पोहोचविणे.

असे खेळ रचणे ही आता केवळ बड्या परदेशी कंपन्यांची मिरास राहिलेली नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहानशा संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ जगापुढे मांडला. गोव्यात २०२१ साली 'केअर्स' योजना आली आणि शाळेतील मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिण्याचे शिक्षण मिळू लागले. मुले हौसेने खेळ रचतात. पण तो पोहोचेल कसा, याचा विचार ती शेवटच्या दिवशी करतात. येथेच घोटाळा होतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या एका विद्यार्थ्याने दशावतारी नाटकावर एक खेळ तयार केला. त्याचे वडील जहाजावर नोकरीला आहेत. खेळ पहिल्यांदा बाबांनीच खेळावा, ही त्याची इच्छा. खेळाचे आकारमान भरले २३० मेगाबाइट. जहाजावर इंटरनेट मोजून मिळते; त्यामुळे फाइल अर्ध्यावर येई आणि तुटे. मुलगा हिरमुसला होऊन माझ्याकडे आला. "सर, खेळ जायना," एवढेच म्हणाला. मी घाईघाईने सल्ला दिला, की त्याचे पंधरा तुकडे कर आणि एकेक पाठव. चौदा तुकडे पोहोचले, एक नासला. आणि त्या एकावाचून उरलेले चौदा उघडेनात. वडिलांचा कित्येक दिवसांचा वाटा फुकट गेला. चूक सर्वस्वी माझी होती. मी ओझे कमी केले नव्हते, फक्त गाठोड्यांची संख्या वाढविली होती.

मग आम्ही दोघांनी ते गाठोडे सोडून पाहिले. आत सहा मिनिटांचे पखवाज-झांजेचे पार्श्वसंगीत होते; त्याने ६३ मेगाबाइट व्यापले होते. चाळीस छायाचित्रांनी १६० घेतले होते. उरलेल्या ७ मेगाबाइटांत सगळी आज्ञावली आणि मुलाच्या आजोबांच्या आवाजातील वीस सेकंदांचे बोल. म्हणजे खेळ असा तो थोडाच. बाकी सारे सोडण!

हे असे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. कच्च्या ध्वनिमुद्रणात दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतात. प्रत्येक नमुन्याला २ बाइट आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह. एका मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट होतात ते यामुळे. तेच संगीत एमपी३ किंवा ऑग या प्रकारात, एकाच प्रवाहात ठेवले, तर मिनिटाला अर्धा मेगाबाइट पुरतो. छायाचित्राचेही गणित तसेच. फोनने काढलेल्या चित्रात १ कोटी २० लाख बिंदू असतात. खेळाच्या १२८० गुणिले ७२० च्या पडद्यावर मात्र सव्वानऊ लाखांहून अधिक बिंदू मावतच नाहीत. उरलेले कोणाच्याही दृष्टीस न पडता केवळ प्रवास करतात! आम्ही संगीत ३ मेगाबाइटांवर आणि चित्रे ६ मेगाबाइटांवर आणली. सगळा खेळ १६ मेगाबाइटांत बसला.

खेळ आणि फाइली ठेवून घेणाऱ्या संस्था मर्यादा घालतात, म्हणून पुष्कळांची कुरकूर असते. 'स्क्रॅच'मध्ये एका चित्राला किंवा ध्वनीला १० मेगाबाइट, 'गिटहब'वर एका फाइलीला १०० मेगाबाइट, स्वतंत्र खेळनिर्मात्यांच्या आवडत्या 'इच डॉट आयओ'वर एका फाइलीला सामान्यतः १ गिगाबाइट, अशा या मर्यादा आहेत. पण २३० मेगाबाइटांचा खेळ शंभर जणांनी उतरवून घेतला, तर २३ गिगाबाइटांची वाहतूक होते. तिचे भाडे कोणीतरी भरतच असतो. म्हणून मर्यादेशी भांडण्यापेक्षा तिला आपल्या हिशेबाची पहिली ओळ समजावे.

कोणी म्हणेल, आता इंटरनेट स्वस्त झाले, एवढी काटकसर कशाला? त्यांना माझे सांगणे असे, की ते स्वस्त झाले आहे ते आपल्यापुरते. डोंगराआडच्या ज्या वाड्यावर सेकंदाला २ मेगाबिटच मिळतात, तेथे २३० मेगाबाइटांना पंधरा मिनिटे लागतील आणि १६ मेगाबाइटांना एक मिनिट. शिवाय जुन्या फोनमध्ये जागा किती उरली आहे, हे देणाऱ्यास दिसत नाही. ते घेणाऱ्यासच भोगावे लागते. खेळात एक शब्द सुधारला म्हणून सबंध खेळ पुन्हा पाठविणे, हेही तितकेच अविचाराचे. 'इच डॉट आयओ'चे 'बटलर' हे साधन बदललेला भाग तेवढाच चढविते, ते याचसाठी.

जुन्या कारागिरांनी ही शिस्त पाळली होती. १९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अवघा खेळ ४० किलोबाइटांत बसविलेला होता. त्यातील ढग आणि झुडपे यांची आकृती एकच आहे. फक्त रंग निराळा. जागेच्या टंचाईने त्या खेळाची गोडी काही कमी झाली नाही.

मात्र एक पथ्य सांगितले पाहिजे. काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. आजोबांचे ते बोलही आम्ही दाबून पाहिले होते. तेव्हा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागला. मुलगा म्हणाला, "हे आजोबा नव्हेत, सर." त्याचे म्हणणे मला पटले. ती वीस सेकंदे आम्ही होती तशीच, साडेतीन मेगाबाइटांची, ठेवली. काय सोडण आणि काय खोबरे, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ते रचणाऱ्यानेच ठरवावे लागते.

नवा खेळ एका बैठकीत जहाजावर उतरला. दुसऱ्या दिवशी वडिलांचा निरोप आला, की खेळात ते दोनदा हरले. पण आजोबांचे बोल सगळ्या सोबत्यांना ऐकविले.

विद्यार्थिमित्रहो, खेळ अवश्य रचा. पण पहिले चित्र काढण्यापूर्वी कागदावर एक आकडा लिहा: माझा खेळ इतक्या मेगाबाइटांहून जड होणार नाही. दूरच्या माणसाला शिदोरी बांधून देताना ती त्याला उचलेल की नाही हे पाहणे, हाही प्रेमाचाच एक भाग आहे.